निजामाच्या नोटा : ऐकीव आणि खरे

धाराशिवच्या एखाद्या जुन्या वाड्यात पेटी उघडली की कधी चारमिनारचे नाणे निघते, कधी उर्दू अक्षरांची जुनी नोट. मग लगेच तर्क सुरू होतात. त्यांतले नेहमीचे काही तपासून पाहू.

गैरसमज : हैदराबादच्या निजामाने नोटा मिरवण्यासाठी छापल्या.
वस्तुस्थिती : कारण चांदीच्या टंचाईचे होते. पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली आणि लोक रुपये दडवून ठेवू लागले. इंग्रज सरकारने 1917 च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांचीही. 1918 मध्ये हैदराबादने कायदा करून 10 आणि 100 रुपयांच्या नोटा आणल्या. 1919 मध्ये 1 आणि 5 च्या.

गैरसमज : टंचाईत आपल्याकडे गावेही नोटा काढत.
वस्तुस्थिती : ते जर्मनीत घडले. 1914 पासून तिथल्या नगरपालिकांनी स्वतःच्या कागदी नोटा चालवल्या. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात मोरवी, जुनागढ, नवानगर, बिकानेर, बुंदी अशा संस्थानांनी सुट्ट्या पैशांऐवजी छोटी कूपने काढली. धाराशिवला मात्र नोट यायची ती हैदराबाद सरकारची.

गैरसमज : रुपया म्हणजे रुपया, हाली असो की कलदार.
वस्तुस्थिती : निजामाचा हाली सिक्का इंग्रजी कलदारापेक्षा हलका होता. साधारण 7 हाली म्हणजे 6 कलदार; 100 कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै. बार्शी आणि सोलापूर इंग्रजी मुलखात, धाराशिव आणि तुळजापूर निजामाच्या. त्यामुळे बार्शीच्या पेठेत 60 कलदारांचा माल घ्यायचा, तर धाराशिवकराला 70 हाली मोजावे लागत. हिशेब चुकला की नफा गेलाच!

गैरसमज : त्या नोटांवर उर्दूशिवाय काही नसे.
वस्तुस्थिती : उर्दूचा मान मोठा होता, पण रक्कम मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही असे. मराठवाड्यातल्या माणसाला नोट किती रुपयांची, ते आपल्या भाषेत वाचता येई.

गैरसमज : हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतर हाली एका रात्रीत रद्दी झाला.
वस्तुस्थिती : सप्टेंबर 1948 नंतरही तो चालू होता. 1950 मध्ये भारतीय रुपया त्याच्या जोडीला आला, दर तोच 7 ला 6. हाली कायदेशीररीत्या बाद झाला तो 1959 मध्ये.

गैरसमज : (हा आजचा) सुट्टे नसतील तर दुकानदाराने दिलेली चिठ्ठी चालते आणि दहा रुपयांचे नाणे नाकारता येते.
वस्तुस्थिती : रिझर्व्ह बँक कायदा, 1934 च्या कलम 31 नुसार मागताच धारकाला पैसे देण्याचे वचनपत्र रिझर्व्ह बँक किंवा केंद्र सरकार यांखेरीज कोणी काढू शकत नाही. दुकानदाराची चिठ्ठी त्याच्याच दुकानापुरती उधारीची नोंद; ती घेण्याची सक्ती नाही. दहाच्या नाण्याचे मात्र सगळे 14 नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने 2018 च्या जानेवारीत जाहीर केले आहे. चिठ्ठी खुशाल नाकारा, नाणे बिनधास्त घ्या.