कालची उसळ आणि आजचा भात

"घरची माणसं जेवायला येणार आणि त्यांना कालचं वाढणार?" एकत्र जेवणाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, आणि तो विचारणारी व्यक्ती सहसा ओट्यापाशी उभी राहणारी नसते. वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये राहणारे भाऊ, वहिन्या, मुलं, आत्या, एखाददुसरे व्याही असे पंधरा जण महिन्यातून एका रविवारी जमणार, तर उसळीपासून खिरीपर्यंत सगळं त्याच सकाळी व्हायला हवं म्हणे. जिच्या घरी पाळी, ती पहाटे उठते. पानं मांडेपर्यंत तिच्यात बोलायचंही त्राण उरत नाही. मग सगळे मिळून ठरवतात की पुढच्या वेळी हॉटेलात जाऊ. तिथली ग्रेव्ही कधीची असेल, हे तेव्हा कुणी विचारत नाही.

या आग्रहामागचा समज साधा आहे: रात्र उलटली की अन्न शिळं, आणि शिळं म्हणजे बाधणारं.

अन्न बाधतं ते बहुतेक वेळा त्यात वाढलेल्या जिवाणूंमुळे किंवा त्यांनी तयार केलेल्या विषामुळे. जिवाणूंना तारीख कळत नाही, तापमान कळतं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस हा त्यांच्या वाढीचा पट्टा. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका, फ्रीजमध्ये ५ अंशांच्या खाली ठेवा, वाढेपर्यंत गरम ठेवायचं असेल तर ६० च्या वर ठेवा, आणि पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत ७० अंशांना पोचू द्या. 'त्याच दिवशी करा' असं यात कुठेही नाही. शनिवारी रात्री केलेली मटकीची उसळ लवकर निववून फ्रीजमध्ये टाकली आणि रविवारी खळखळून उकळली, तर ती निर्धास्त वाढावी. उलट रविवारी नऊला शिजवून ओट्यावर झाकून ठेवलेला आणि 'पुण्याची मंडळी पोचू देत' म्हणत अडीचला वाढलेला भात, हा खरा काळजीचा पदार्थ. त्यातला उरलेला रात्रीपर्यंत तिथेच असतो, आणि त्याला कुणी शिळा म्हणत नाही.

भाताचं जरा सविस्तर सांगायला हवं. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असू शकतात आणि शिजवल्याने ते सगळे मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात, आणि त्यांचे काही प्रकार उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष प्रेशर कुकरच्या १२० अंशांच्या आसपासच्या तापमानालाही दाद देत नाही, मग फोडणीची काय कथा! १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा हेच उघड झालं. भात रात्रभर बाहेर ठेवायचा आणि ऑर्डर आली की परतायचा, अशी तिथली पद्धत होती. आपला फोडणीचा भात फार वेगळा नाही. तो बंद करायचं कारण नाही. उरलेला भात ताटात पसरून तासाभरात निववा, फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा भाताला एकच दिवस देते. इतर शिजवलेल्या अन्नाला अमेरिकेचं कृषी खातं फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस देतं.

दुसरा धोका मोठ्या पातेल्याचा. पंधरा माणसांचा मटणाचा रस्सा किंवा आमटी एकाच पातेल्यात राहिली, तर कडेने गार लागते आणि मध्ये तासन्‌तास कोमट असते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूला ४३ ते ४५ अंश फार मानवतात. तिथे त्याची संख्या दहाएक मिनिटांत दुप्पट होऊ शकते. तेव्हा रस्सा दोन-तीन पसरट भांड्यांत काढा, भांडी परातीतल्या गार पाण्यात ठेवा, ढवळा. 'वास घेऊन बघ ना' हा सल्ला मात्र विसरा. अन्न आंबवणारे जिवाणू वेगळे, आजारी पाडणारे वेगळे. बाधलेल्या रश्श्याचा वास झकास येऊ शकतो.

राहिलं 'सत्त्व'. क जीवनसत्त्व साठवताना आणि पुन्हा तापवताना कमी होतं, हे खरं. प्रथिनं, लोह, चोथा कुठेही पळून जात नाहीत. वरून लिंबू पिळा, कोशिंबीर ताजी करा, झालं.

कुणी गीतेचा सतरावा अध्याय काढतं. शिजून प्रहर उलटलेलं अन्न तिथे तामसी मानलं आहे. प्रहर म्हणजे तीन तास. फ्रीज नसलेल्या काळात, आपल्या हवेत, नियम म्हणून तो शहाणपणाचाच. पण मग पाळायचा तर पुरता पाळा: नऊचा भात अडीचला वाढताना प्रहर उलटून गेलेला असतो, तेव्हा कुणाला अध्याय आठवत नाही. आणि परंपरेचंच बोलायचं तर गोव्यात आदल्या दिवशीची माशाची कढी आटवून सकाळी पावाशी खातात, ती 'काल्ची कडी' मुद्दाम उरवली जाते. गुजरातेत रांधण छठीला शिजवून दुसऱ्या दिवशी, शीतळा सातमला, थंडच जेवतात. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी दुधाशी अधिक चांगली लागते, हे तर प्रश्न विचारणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

तर शनिवारी उसळ किंवा छोले, कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि दाण्याची चटणी करून ठेवा. रविवारी उरतो भात, कोशिंबीर आणि फोडणी. पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणल्या तर घराण्याचं नाक कापलं जात नाही.

आणखी काही समज कानावर पडतात, ते भराभर. गरम पदार्थ ठेवला तर फ्रीज बिघडत नाही, वीज थोडी जास्त खातो. वाफ गेली की ठेवावा, पूर्ण गार व्हायची वाट बघू नये. वीज गेली तर दार उघडू नका, बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. मायक्रोवेव्हमधून काढलेल्या अन्नात किरणं उरत नाहीत. त्याची खरी खोड ही की ते कुठे चटका देतं आणि कुठे गारच राहतं, म्हणून मध्ये एकदा ढवळायचं. सोड्याने हरभरे लवकर शिजतात, पण त्यातलं ब१ जीवनसत्त्व जातं. रात्रभर भिजवणं काय कठीण आहे? माणसं दुप्पट म्हणून कुकरमधल्या भाताला पाणी सरळ दुप्पट घालू नका, वाफ तेवढ्या पटीने जात नाही. आणि डाळ-तांदळाने कुकर अर्ध्यावर भरू नका. एकच पदार्थ केला तर पाहुण्यांचा अपमान होतो, हा समज वरणफळांचं भरलेलं पातेलं आणि तुपाचं भांडं मध्ये ठेवून तपासून पाहावा.

शेवटचा समज नवा आहे: प्रत्येकाने एकेक पदार्थ आणला की काळजी मिटली. कष्ट वाटले जातात, म्हणून पद्धत उत्तम. पण डोंबिवलीहून निघालेल्या काकूंच्या डब्यातल्या पनीरचे दोन तास त्यांनी गॅस बंद केला तेव्हाच सुरू झालेले असतात, तुमच्या दारात चपला काढल्यावर नव्हे. तो डबा आल्या आल्या गॅसवर चढवा किंवा फ्रीजमध्ये ठेवा, गप्पा मग.