टिपऱ्यांच्या घरातून आपल्या घरात



आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना मुंबई दूरदर्शनवरचे 'चिमणराव' नक्की आठवत असतील. सत्तरच्या दशकाच्या अखेरची ती गोष्ट. चिं. वि. जोशींची माणसे, चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे. पुढे २००१ साली तेच प्रभावळकर 'अल्फा मराठी'वर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' होऊन आले. वय पन्नाशीतले, पण आबा असे रंगवले की ते आपल्याच घरातले वाटावेत! मालिका त्यांच्याच 'अनुदिनी'वर बेतलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचे. राजन भिसे आणि शुभांगी गोखले हे मुलगा-सून, शिवाय दोन नातवंडे. एवढाच संसार.

या मालिकेत ना खून, ना कारस्थान. साध्या घरातल्या साध्या गोष्टी, आणि तरीही पोट धरून हसू येते. याचे कारण आम्हाला असे वाटते की तिथे कोणा एकाला हसण्यासाठी वेठीला धरलेले नाही. सगळेच थोडे चुकतात, सगळेच थोडे हसतात. इथे ब्रेडात कार्निव्हलच्या दिवसांत शहराचे 'कीलेगात' होते, तेव्हा आपले शेजारीही स्वतःलाच हसून घेतात. ही कला आपल्यालाही परकी नाही.

पण खरा धडा आबांचा आहे. आबा घरात पाहुणे नाहीत आणि देव्हाऱ्यातली मूर्तीही नाहीत. ते लुडबुड करतात, नातवंडांशी मस्करी करतात, नव्या गोष्टी शिकू पाहतात. त्यांना घरात काम आहे.

आता आपल्याकडे पाहू. आईवडील नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतात. पहिले आठ दिवस ग्रोटे केर्क आणि मास्टबोस पाहण्यात जातात. मग मुलगा-सून कामावर, मुले शाळेत आणि आजोबा खिडकीशी. संध्याकाळी नातू डचमधून भराभर बोलतो, आजी नुसती मान हलवते. भांडण कोणाचेच नाही, पण तीन महिने संपतात आणि ओळख राहूनच जाते. हे दुखणे आपल्या बऱ्याच घरांत आहे. उघड कोणी बोलत नाही, इतकेच.

यावर औषधही टिपऱ्यांच्याच घरात आहे. अनुदिनी म्हणजे रोजनिशी. एक साधी वही स्वयंपाकघरात ठेवावी. घरातल्या प्रत्येकाने रोज दोन ओळी लिहाव्यात. मुलांनी डचमध्ये लिहिले तरी चालेल, मात्र आजीला त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. आजोबांनी मराठीत लिहावे आणि नातवंडांकडून वाचून घ्यावे. बाबांना आपल्या चिडचिडीबद्दल दुसऱ्यांनी काय लिहिले आहे हेही कळेल! बऱ्याच शाळा बुधवारी दुपारी लवकर सुटतात. ती दुपार आजी-आजोबांच्या नावावर करून टाकावी.

आणखी एक. ज्यांचे आईवडील येऊ शकत नाहीत, किंवा आता राहिले नाहीत, अशीही घरे आपल्यात आहेत. आपल्याकडे आजी-आजोबा आले की त्या घरातल्या मुलांनाही चहा-पोह्यांना बोलवावे. एका घरचे आबा चार घरांना पुरतात.

टिपरे २००४ साली पडद्यावरून गेले. घरातले आबा मात्र नव्वद दिवसांसाठीच येतात, तेवढे दिवस वाया जाऊ देऊ नयेत. वही भरली की त्यातले एखादे पान आपल्या अंकासाठी जरूर पाठवा. आम्ही आनंदाने छापू.