शब्दजाती, इंग्रजी व्याकरणातील

वाक्यातील कार्य, रूपविकार व स्थान यांवरून शब्दांचे जे वर्ग पाडले जातात, त्यांना शब्दजाती म्हणतात. इंग्रजीच्या पारंपरिक व्याकरणात नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, पूर्वयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय व केवलप्रयोगी अव्यय अशा आठ शब्दजाती मानतात.

ही व्यवस्था मूळची इंग्रजीची नव्हे. डायोनिशियस थ्रॅक्स या ग्रीक वैयाकरणाच्या नावावरील व्याकरणात आठ शब्दजाती आढळतात. लॅटिनमध्ये उपपद नसल्याने रोमन वैयाकरणांनी ते वगळले व केवलप्रयोगी अव्यय स्वतंत्र मानून आठ ही संख्या कायम राखली. विल्यम बुलोकार याच्या इंग्रजीच्या पहिल्या छापील व्याकरणाने (१५८६) लॅटिनचाच साचा स्वीकारला. लिंडली मरी याने १७९५ च्या आपल्या व्याकरणात उपपदासह नऊ शब्दजाती दिल्या. विशेषण हा पूर्वी नामाचाच एक प्रकार समजला जाई. पुढे तो वेगळा झाला.

नामाचे विशेष, सामान्य, समूहवाचक, पदार्थवाचक व भाववाचक असे पाच प्रकार शालेय व्याकरणात सांगतात. ‘लंडन’ हे विशेषनाम, ‘सिटी’ हे सामान्यनाम, ‘कमिटी’ हे समूहवाचक, ‘गोल्ड’ हे पदार्थवाचक आणि ‘ऑनेस्टी’ हे भाववाचक नाम होय. ही विभागणी अर्थावर आधारलेली असल्याने तिच्या सीमा पक्क्या नाहीत. ‘ग्लास’ म्हणजे काच, पण ‘अ ग्लास’ म्हणजे पेला. ‘आयर्न’ म्हणजे लोखंड, तर ‘ॲन आयर्न’ म्हणजे इस्त्री. समूहवाचक नामाबरोबर ब्रिटिश इंग्रजीत एकवचनी वा अनेकवचनी क्रियापद येऊ शकते. अमेरिकन इंग्रजीत ते बहुधा एकवचनी असते.

वाक्यरचनेच्या दृष्टीने गणनीय व अगणनीय हा भेद अधिक महत्त्वाचा आहे. गणनीय नामाचे अनेकवचन होते व एकवचनात त्यामागे ‘अ’ किंवा ‘ॲन’ हे उपपद येऊ शकते. अगणनीय नामाबाबत हे दोन्ही सामान्यतः संभवत नाही. हा भेद वस्तूच्या स्वरूपावरून नव्हे, तर त्या त्या भाषेच्या रूढीने ठरतो. मराठीत ‘केस’ पिकतात, ते अनेकवचनी. इंग्रजीत डोक्यावरील सर्व केसांना मिळून ‘हेअर’ हे एकवचनी अगणनीय नाम योजतात. मराठीत ‘दोन सल्ले’ देता येतात. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ला अनेकवचन नसल्याने ‘टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस’ असे म्हणावे लागते. ‘न्यूज’ अनेकवचनी दिसत असूनही एकवचनी आहे. मराठी भाषकांच्या इंग्रजी लेखनातील अनेक चुका या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे घडतात.

इंग्रजीत विभक्तिप्रत्यय फारसे उरले नसल्याने एकाच रूपाचा शब्द निरनिराळ्या शब्दजातींत वावरतो. ‘राउंड टेबल’मध्ये ‘राउंड’ विशेषण आहे, ‘फर्स्ट राउंड’मध्ये नाम, ‘टर्न राउंड’मध्ये क्रियाविशेषण, ‘राउंड द कॉर्नर’मध्ये पूर्वयोगी अव्यय, तर ‘टू राउंड द केप’मध्ये क्रियापद. म्हणून सुट्या शब्दाची जात सांगणे पुष्कळदा अशक्य असते; ती वाक्यातच ठरते. या अडचणीमुळे चार्ल्स फ्रीझ याने १९५२ मध्ये पारंपरिक नावे टाळली व शब्दांच्या वाक्यातील स्थानांवरून चार मुख्य वर्ग आणि कार्यदर्शक शब्दांचे पंधरा गट कल्पिले.

मराठी व्याकरणातील आठ शब्दजातींच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाचा ठसा आहे. यास्काने मात्र नाम, आख्यात, उपसर्ग व निपात अशी चारच पदे मानली होती. दोन्ही भाषांतील साम्य पूर्ण नाही : इंग्रजीतील अव्यय नामापूर्वी येते, तर मराठी शब्दयोगी अव्यय नामानंतर जोडले जाते, उपपदाला मराठीत प्रतिरूप नाही. एका भाषेच्या शब्दजाती दुसरीवर जशाच्या तशा लादता येत नाहीत, हे शब्दजातींच्या इतिहासावरूनही दिसून येते.