बेपत्ता प्रतिवादी आणि 'बजावणी' या संज्ञेचे दोन अर्थ

'समन्स बजावणे' म्हणजे ते प्रतिवादीच्या हाती पोचविणे, असा अर्थ आपण सामान्यतः गृहीत धरतो. परंतु तो प्रतिवादीच सापडत नसेल, तर बजावणी झाली असे केव्हा म्हणावे? प्रश्न शब्दार्थाचा भासतो. जखमी माणसाची भरपाई मात्र त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

एक उदाहरण कल्पू. सानपाड्यातील इमारतीच्या दुरुस्तीत परांचीवरून फळी निसटली व खालून जाणाऱ्याचा पाय मोडला. कंत्राटदार भाड्याची खोली सोडून गेला. नवा पत्ता कोणासही ठाऊक नाही. तरीही दावा अडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, हिच्या कलम १९ प्रमाणे अपाय जेथे घडला, तेथील न्यायालयातही भरपाई मागता येते. वादपत्रात प्रतिवादीचे राहण्याचे ठिकाण द्यावे लागते; पण ते शोध लागेल तितपतच, अशी मर्यादा आदेश ७, नियम १ मध्येच आहे. मात्र पत्ता लागत नाही एवढ्यावरून दाव्याची मुदत थांबत नाही. मुदत अधिनियम, १९६३, याच्या कलम १५ अन्वये प्रतिवादी भारताबाहेर असल्याचा काळ वगळला जातो; देशातल्या देशात नाहीसे होण्याला ती सवलत नाही.

यानंतर आदेश ५, नियम २० येतो. प्रतिवादी समन्स चुकवीत आहे, किंवा अन्य कारणाने नेहमीच्या रीतीने बजावणी अशक्य आहे, अशी न्यायालयाची खात्री झाल्यास समन्साची प्रत न्यायालयात आणि प्रतिवादीच्या शेवटच्या ज्ञात घरी डकविता येते. १९७६ च्या दुरुस्तीने तेथील दैनिकात जाहिरात देण्याचा मार्गही स्पष्टपणे सांगितला. अशी बजावणी प्रत्यक्ष हाती दिल्याइतकीच परिणामकारक होय, असे हाच नियम म्हणतो. मग प्रतिवादी गैरहजर राहिल्यास दावा एकतर्फी चालतो. वादीस आपला पुरावा मात्र द्यावाच लागतो.

येथे संज्ञा दुभंगते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यास मुदत अधिनियमाचा अनुच्छेद १२३ तीस दिवस देतो. समन्स रीतसर बजावले असेल तर ते हुकूमनाम्याच्या दिवसापासून, एरवी तो कळल्यापासून मोजावयाचे. आणि त्याच अनुच्छेदाचे स्पष्टीकरण सांगते की, नियम २० खालील बजावणी येथे रीतसर मानू नये. म्हणजे तेच समन्स सुनावणीपुरते बजावलेले आणि मुदतीपुरते न बजावलेले ठरते.

हा विरोध वरवरचा आहे. 'बजावणे' येथे दोन क्रिया दर्शविते: न्यायालयाने सांगणे आणि प्रतिवादीस कळणे. पहिल्या अर्थाने जखमीला न्यायालयाचे दार उघडते. दुसऱ्या अर्थाने, खरोखरच अजाण राहिलेल्या माणसाला परतण्याची वाट राहते. कायद्याने एकाच शब्दावर दोघांचे रक्षण सोपविले आहे.

म्हणूनच पहिला अर्थ स्वस्त होऊ देता येत नाही. अशी बजावणी हा अपवाद असून न्यायालयाने विचारपूर्वकच तिला अनुमती द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातील एका दाव्यात बजावले. तात्पर्य, वादीने घरमालक, शेजारी व कामाचे ठिकाण येथे केलेल्या चौकशीची लेखी नोंद ठेवावी. पैशाचा हुकूमनामा बारा वर्षे अंमलात आणता येतो. त्या अवधीत कंत्राटदार सापडला, तर हुकूमनामा टिकण्यास हीच नोंद उपयोगी पडेल.