पाण्याखालचा राजा आणि त्याचं 'सेव्ह ॲज' विश्व

मित्रांनो, सबमिशन, ओरल आणि केटी या त्रिकोणातून थोडा वेळ बाहेर या. आज आपण कॉमिक्सबद्दल बोलणार आहोत. "हे काय लहान मुलांचं!" म्हणून पान उलटू नका. भाटघरच्या धरणाकाठी राहणाऱ्यांना तर हा विषय फारच जवळचा आहे. कसा ते पुढे कळेलच.

आपला हीरो आहे नेमॉर, उर्फ सब-मरिनर. बिल एव्हरेट या चित्रकार-लेखकाने तो निर्माण केला आणि ऑक्टोबर १९३९ च्या 'मार्व्हल कॉमिक्स' अंक १ मध्ये तो झळकला. म्हणजे स्पायडरमॅनचा जन्म व्हायला अजून वीसहून जास्त वर्षं होती. 'रोमन' या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचा, की त्याचं नाव तयार! आई समुद्राखालच्या राज्याची राजकन्या, बाप जमिनीवरचा जहाजाचा कप्तान. घोट्यांना छोटे पंख, अंगात अफाट ताकद आणि डोक्यात त्याहून अफाट राग. तो धड हीरो नाही आणि धड व्हिलनही नाही. जमिनीवरची माणसं आपल्या समुद्राची वाट लावतात, हे त्याचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नाही.

मूळ आवृत्ती : १९६२

मधली काही वर्षं नेमॉर गायब होता. १९६२ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या चौथ्या अंकात त्याला परत आणलं. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत दाढी वाढलेला, स्मरणशक्ती गेलेला एक माणूस पडून असतो. जॉनी स्टॉर्म आपल्या हातातल्या आगीनेच त्याची दाढी करतो (सलूनचा खर्च वाचला!), चेहरा ओळखतो आणि त्याला पाण्यात टाकतो. पाणी लागताच सगळं आठवतं. नेमॉर घाईघाईने घरी जातो, आणि घरच नसतं! माणसांच्या अणुचाचण्यांत त्याचं राज्य उद्ध्वस्त झालेलं असतं. लोक कुठे गेले, पत्ता नाही. मग तो सूड घ्यायला एक अजस्र सागरी राक्षस न्यूयॉर्कवर सोडतो.

इथे थांबून विचार करा. मारामारी सगळ्याच कॉमिक्समध्ये असते. इथे मात्र मारणाऱ्याकडे कारण आहे. हा माणूस विस्थापित आहे. त्याला कुणी विचारलं नाही, नोटीस नाही, मोबदला नाही. एक दिवस परत आला तर गाव नाही.

पर्यायी विश्व म्हणजे काय?

एखादा प्रोग्रॅम चाळीस वर्षं वेगवेगळ्या लोकांनी लिहिला तर त्याचं काय होईल? नवीन माणसाला त्यात शिरायचीच भीती वाटेल. २००० सालापर्यंत मार्व्हलच्या कथांचं तसंच झालं होतं. मग कंपनीने सोपा उपाय केला. मूळ फाइलला हात लावायचा नाही, 'सेव्ह ॲज' करायचं! मूळ विश्वाचा नंबर पृथ्वी-६१६, नव्या 'अल्टिमेट' विश्वाचा पृथ्वी-१६१०. तीच पात्रं, पण गोष्ट पहिल्यापासून, नव्या काळात.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा प्रयोगशाळेतला प्रयोग आहे. एक व्हेरिएबल बदला, बाकीची तशीच ठेवा आणि रिझल्ट काय येतो ते बघा.

अल्टिमेट नेमॉर : रीडिंग चुकलं कुठे?

या विश्वात नेमॉर 'अल्टिमेट फॅन्टॅस्टिक फोर'च्या अंक २४ ते २६ मध्ये येतो (लेखक मार्क मिलर, चित्रकार ग्रेग लँड). अटलांटिसच्या अवशेषांत एक थडगं सापडतं. सगळ्यांना वाटतं, हा इथला राजा असणार. हजारो वर्षं झोपलेला नेमॉर जागा होतो, तोऱ्यात वागतो. मग थडग्यावरचा मजकूर उलगडतो आणि कळतं, की हे थडगं नाहीच, तुरुंग आहे! हा राजा नसून अटलांटिसचा अट्टल गुन्हेगार आहे. चौघांना तो आवरत नाही. शेवटी स्यू स्टॉर्मने आपलं चुंबन घ्यावं अशी त्याची अट, आणि ती पूर्ण झाल्यावर स्वारी निघून जाते.

ट्विस्ट भारी आहे, मान्य. पण प्रयोगात बदललेलं व्हेरिएबल कोणतं? ताकद तीच, पंख तेच, गर्व तोच. काढून टाकलं ते फक्त कारण. घर गमावलेल्या राजाच्या जागी जन्मठेपेचा कैदी आला, आणि वाचकाला प्रश्न पडायचा थांबला. कैद्याशी भांडायचं की नाही याचा विचार कशाला करायचा?

गंमत पुढे आहे. २००९ च्या 'अल्टिमेटम'मध्ये प्रचंड लाट मॅनहॅटन बुडवते. रीड रिचर्ड्ससारखा हुशार माणूस तडक नेमॉरवर चाल करून जातो. लाट आणलेली असते मॅग्नेटोने! पाण्याखालचा म्हणजे गुन्हेगार, हे एकदा ठरलं की पुरावा कोण बघतो?

दुसऱ्या कंपनीचा प्रयोग

डीसी कंपनीच्या ॲक्वामॅनवरही असा प्रयोग झाला. २०११ च्या 'फ्लॅशपॉइंट'मध्ये फ्लॅश भूतकाळात जाऊन आपल्या आईला वाचवतो आणि सगळं जगच बदलतं. तिथे ॲक्वामॅन आणि वंडर वूमन यांच्यात महायुद्ध पेटलंय आणि ॲक्वामॅनने पश्चिम युरोप बुडवलाय. माणूस तोच, फक्त परिस्थिती वेगळी. एरवी आपण ज्याला टाळ्या वाजवतो, तोच इथे कोट्यवधींचा कर्दनकाळ.

आणि आपलं भोर-वेल्हे

आता भाटघरकडे या. वेळवंडी नदीवर ब्रिटिश काळात हे धरण झालं. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की कांबरेश्वराचं मंदिर बाहेर येतं, लोक दर्शनाला जातात आणि पावसाळ्यात देव पुन्हा पाण्याखाली. तिकडे वेल्ह्याच्या बाजूला पानशेत. १२ जुलै १९६१ ला ते फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला. त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. धरणासाठी आधी ज्यांची भातखाचरं गेली त्यांच्याबद्दल मात्र मानाने कमीच. कॉमिक्समध्ये समुद्राचा राजा जमीन बुडवतो. आपल्याकडे जमिनीवरच्यांनीच जमीन बुडवली, खालच्या गावांना पाणी मिळावं म्हणून. त्या पाण्याने शेतं भिजली हे खरं, आणि कुणाचं तरी घर गेलं हेही खरं.

म्हणूनच २०२२ चा 'ब्लॅक पँथर : वकांडा फॉरएव्हर' बघताना मजा आली. दिग्दर्शक रायन कूगलरने नेमॉरला त्याचं कारण परत दिलं. त्याचे लोक सोळाव्या शतकात परक्यांनी आणलेल्या रोगराई आणि गुलामगिरीपासून वाचायला पाण्याखाली गेलेले. आणि भांडण कशावरून पेटतं? व्हायब्रेनियम धातू शोधणाऱ्या एका यंत्रावरून. ते बनवलेलं असतं एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीने! तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. पाण्याखाली कुणी राहत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

उद्या आपल्यापैकी कुणी पाटबंधारे खात्यात जाईल, कुणी रस्त्याचा सर्व्हे करेल, कुणी पवनचक्कीची साइट बघेल. नकाशावर निळा रंग भरताना एवढंच बघायचं, की त्या निळ्याखाली कोण आहे. विचारून घेतलं तर तो शेजारी. नाही विचारलं तर त्याच्यातून नेमॉर आपणच तयार करतो, आणि त्याला पर्यायी विश्व लागत नाही.