विटा मोजल्या, छेद विसरले

“विषय ठरलाय, आता डेटा गोळा करायला कधी लागू?” हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. उत्तर द्यायच्या आधी पनवेलच्या एका स्वयंपाकघराबद्दल सांगते. तिथे मी जी चूक केली ती तुमची होऊ नये, एवढ्यासाठी.

माझं काम जुन्या घरांतून निघणाऱ्या सामानावर आहे. म्हणजे घर पाडताना किंवा दुरुस्त करताना काय निघतं, त्यातलं काय परत वापरता येतं आणि का. नेमकं त्याच वर्षी आमच्या आत्याने जुन्या पनवेलमधल्या घराचं स्वयंपाकघर नवं करायला काढलं. भिंती चुन्यात बांधलेल्या, वर सागवानी वासे आणि मंगळुरी कौलं, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात मोरी. ओट्यामागची एकच भिंत नंतर कधीतरी सिमेंटमध्ये बांधलेली. मृगाच्या आत कौलं परत चढायला हवी होती, त्यामुळे सगळी घाई. मी वही घेऊन अंगणात बसले आणि निघालेली प्रत्येक धड वीट रेघ मारून मोजली. पानभर रेघा झाल्या. खूश होऊन गाईडना दाखवायला गेले.

मॅडमनी एकच विचारलं, “कशापैकी?”

भिंतीत मुळात किती विटा होत्या हे मी मोजलंच नव्हतं. तुकडे डंपरमधून कधीच गेले होते, कुठल्यातरी खड्ड्यात भरावाला. समजा ३०० धड विटा मिळाल्या. भिंतीत ४०० असतील तर हे मोठं यश, १२०० असतील तर पाऊण भिंत वाया गेली. अंश हातात, छेद डंपरमध्ये. भिंत पुन्हा उभी करून मोजता येत नाही. मुलाखत परत घेता येते, प्रयोग परत लावता येतो. पाडकामाला दुसरी संधी नसते.

आता मुद्द्याचं. वीट धड निघते का तुटते, हे विटेपेक्षा सांध्यावर ठरतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, पण विटेपेक्षा मऊच राहतो. छिन्नी लावली की आधी सांधा सुटतो. सिमेंटचा घट्ट मसाला विटेला असा धरून बसतो की बऱ्याचदा वीटच आधी फुटते. कौलांना तर मसाल्याचा सांधाच नाही. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, तिथून पसरलेली ही कौलं एकमेकांत अडकून रिपांवर नुसती बसतात. हाताने उचलायची, झाडायची, रचून ठेवायची. म्हणून माझा प्रश्न “किती विटा मिळतात?” हा नकोच होता. “सांधा बदलला की मिळणाऱ्या विटांचं प्रमाण कसं बदलतं?” असा हवा होता.

इथे तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, चुन्याची भिंत आणि सिमेंटची भिंत, करा तुलना. मीही तेच म्हणाले. पण चुन्याची भिंत म्हाताऱ्या गवंड्याने छिन्नी-हातोडीने, चहा पीत, तीन दिवस उतरवली होती. सिमेंटची भिंत दोन पोरांनी ब्रेकर लावून एका दुपारी आडवी केली. मग फरक सांध्यामुळे पडला की हातामुळे? दोन कारणं अशी एकत्र आली की वेगळी काढता येत नाहीत. पुस्तकात याला कन्फाउंडिंग म्हणतात. पुस्तकात वाचून मला ते कळलं होतं असं मला वाटत होतं.

धड वीट म्हणजे नव्या विटेची बरोबरी, हेही गृहीत धरू नका. मोरीजवळच्या विटांनी वर्षानुवर्षं क्षार प्यायलेले असतात. नव्या भिंतीत घातल्या की पांढरा लोणा फुटतो. प्रयोगशाळेत वीट भट्टीत पूर्ण वाळवून वजन करतात, २४ तास पाण्यात ठेवतात आणि परत वजन करतात. नेहमीच्या विटेला २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे. क्षारांची चाचणी वेगळी.

आणि लाकूड? वासे परत वापरले म्हणून मी आधी “इतकं सागवान वाचवलं” असं लिहून टाकलं होतं. पण जुनं सागवान कुणी फेकत नाही हो, जुन्या लाकडाचा व्यापारी ते दारातून उचलून नेतो. आपण ठेवलं नसतं तरी ते कुठेतरी वापरलंच गेलं असतं. विटांचे तुकडे मात्र भरावातच जातात. आपण काही केलं नसतं तर काय झालं असतं, याच्याशी तुलना केल्याशिवाय “वाचवलं” हा शब्द लिहू नये असं माझं आता ठाम मत आहे. आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “वासे माझ्या सासऱ्यांनी आणलेले आहेत, तुझा हिशोब तुझ्यापाशी ठेव.” तेही बरोबरच.

ही आकडेवारी आयती का मिळत नाही, असंही विचाराल. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांत मोठ्यांसाठी मर्यादा घातली होती: दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टनांहून जास्त निघाला तर काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक, विटा-मसाला असं वेगळं करायचं होतं. एका घराचं स्वयंपाकघर यात कुठे बसणार? त्याची वेगळी नोंद कुणी ठेवत नाही. तिथे उभं राहूनच मोजावं लागतं.

सुदैवाने मोरीची भिंत पावसानंतरसाठी राखली होती. तिचा वरचा भाग चुन्यातला, खालचा नंतर सिमेंटने दुरुस्त केलेला. दसऱ्यानंतर गेले तेव्हा आधी गिलावा काढून घेतला, खडूने चौकटी आखल्या, प्रत्येक चौकटीतल्या विटा मोजल्या, फोटो काढले, आणि दोन्ही भागांना तोच गवंडी, तीच छिन्नी. खालचा भाग ओलाही होता, हा नवा घोळ. तो वहीत पहिल्याच ओळीत लिहून ठेवला. मग म्हटलं, “काका, आता घाला घाव.”