तीन अंशांची वाट

जानेवारीतल्या पहाटे लखनौच्या अमौसी विमानतळावर उतरताना खिडकीबाहेर पंखाचं टोकही दिसत नाही. चाकं टेकल्याचा धक्का बसतो, तेव्हा कुठे शेजारचा प्रवासी विचारतो, "उतरलो का?" भातखंड्यांनी १९२६ साली जिथे संगीत महाविद्यालय उभं केलं, ते लखनौ मराठी माणसाला परकं नाही. तिथलं धुकं मात्र आपल्याला अनोळखी. पश्चिमी झंझावाताचा पाऊस पडून गेला, आभाळ निरभ्र झालं आणि वारा पडला, की गंगेच्या मैदानातली ओली जमीन रात्रभर निवते आणि पहाटे धुकं धरतं.

अशा वेळी विमान उतरवतो तो ऑटोपायलट. धावपट्टीच्या कडेला ग्लाइड पाथचा अँटेना असतो. त्याचे रेडिओ तरंग हवेत एक उतरती वाट आखतात. जगभर या वाटेचा प्रमाण कोन ३ अंश, म्हणजे दर किलोमीटरला साधारण ५२ मीटर उतार. एअरबस ए-३२० जातीच्या विमानांना स्वयंचलित उतरणीसाठी २.५ ते ३.१५ अंशांचीच मुभा आहे. बोइंग ७३७ची वरची मर्यादा ३.२५. तीन आणि ३.१५ यांतला फरक दहा किलोमीटरवर जेमतेम २६ मीटर भरतो. एवढ्याशा फरकासाठी इतका काटेकोरपणा का?

याचं उत्तर शेवटच्या काही सेकंदांत आहे. ताशी २६० किलोमीटर वेगाने तीन अंशांवर येणारं विमान सेकंदाला पावणेचार मीटर खाली येत असतं. जमीन पन्नासेक फुटांवर आली, की रेडिओ अल्टिमीटरच्या आकड्यांवर विसंबून ऑटोपायलट नाक हळूच उचलतो. एअरबसच्या कॉकपिटमध्ये यंत्राचा आवाज मोजत जातो, "फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेंटी", आणि दहा फुटांवर "रिटार्ड", म्हणजे इंजिनं मंद करा. नाक केव्हा आणि किती उचलायचं, हे गणित ठरावीक उतारासाठीच बसवलेलं असतं. उतार वाढला तर विमान आदळू शकतं, शिवाय इंजिनं मंद करूनही वेग आटोक्यात येत नाही. उतार फार कमी असला तर विमान धावपट्टीवर तरंगत लांब जातं. विमान बनवणाऱ्या कंपनीने असंख्य सिम्युलेशन आणि प्रत्यक्ष उड्डाणांतून जेवढं सिद्ध केलं, तेवढीच मर्यादा कागदावर येते. मला या प्रामाणिकपणाचं फार मोल वाटतं.

लंडन सिटी विमानतळावर ५.५ अंशांचा उतार आहे, पण तिथे वैमानिक स्वतः विमान उतरवतात. फ्रँकफर्टला गोंगाट कमी व्हावा म्हणून एका धावपट्टीवर ३.२ अंशांची वाट आखली, तरी दाट धुक्यासाठी तीन अंशांची वेगळी ठेवावी लागली. प्रवासी विमानांत हे तंत्र यायला लंडनचं धुकंही कारण ठरलं. १० जून १९६५ रोजी हीथ्रोला ट्रायडेंट विमानाने प्रवाशांसह पहिल्यांदा जमिनीला टेकण्याचं काम यंत्रावर सोपवलं.

अमौसीत दाट धुक्यातली कॅट थ्री-बी सोय पश्चिमेकडे तोंड असलेल्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर आहे, म्हणजे विमान पूर्वेकडून येतं. पूर्वेचा वारा अशा विमानाला पाठून लागतो, आणि पाठचा वारा साधारण १० नॉटपर्यंतच चालतो. पण दाट धुक्यात वारा पडलेलाच असतो, ही निसर्गाची कृपा. सपाट मैदानाचाही फायदा होतो, कारण खालची जमीन उंचसखल असेल तर रेडिओ अल्टिमीटरचे आकडे हेलकावतात. अँटेनासमोर एखादं विमान किंवा गाडी उभी राहिली तरी ती अदृश्य वाट वाकते. म्हणून अशा वेळी दोन विमानांत जास्त अंतर राखतात आणि आपल्याला वर घिरट्या घालाव्या लागतात.

विमान सज्ज, दोन्ही वैमानिक प्रशिक्षित आणि जमिनीवरची यंत्रणा चालू, या तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या तरच विमान उतरतं. एक जरी हुकली तरी विमान दुसऱ्या शहरात वळवतात. तेव्हा हिवाळ्यात लखनौचं तिकीट काढताना पहाटेचं विमान टाळा, दुपारचं घ्या. आणि विमान वळवलंच, तर वैमानिकावर चिडू नका.